आठवी सही

१

तो कागद शाळेच्या बसमध्ये आतून चिकटवला होता, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या काचेवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी नीट कापून लावलेली. घाईगडबडीचं काम नव्हतं ते. कुणीतरी सवडीने, मन लावून केलं होतं.

आता तोच कागद हॉस्पिटलच्या तळघरात, धुलाई विभागाला लागून असलेल्या एका दमट खोलीत टेबलावर पडला होता. टेबलाच्या पलीकडे बसचा ड्रायव्हर पोटावर हात धरून बसला होता. अलीकडे बसल्या होत्या हॉस्पिटलच्या गोपनीयता अधिकारी. रुग्णांची माहिती नको त्या हातात जाऊ न देणं हे त्यांचं काम. त्यांना नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर. बाकी वॉचमनपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना मागून 'शंकासुर' म्हणत, आणि आताशा तोंडावरही म्हणायला लागले होते. त्यांच्या नवऱ्याच्या मते तिला कुणी 'शुभ सकाळ' म्हटलं, तर ती आधी घड्याळ बघते.

शंकासुराने चष्मा लावून कागद वाचला. मानसोपचार विभाग. नऊ वर्षांपूर्वीची तारीख. पत्नीच्या निधनानंतर दोन महिन्यांनी जीव देण्याचा प्रयत्न, आठ महिने उपचार. खाली हॉस्पिटलचा शिक्का आणि कोपऱ्यात बारीक छापलेलं, 'पान ३१ / ४२'.

"बाकीची एक्केचाळीस पानं कुठे आहेत, ताई?" ड्रायव्हरने विचारलं.

तिने जावक नोंदवही उघडली. गेल्या महिन्याची चोवीस तारीख. ती स्वतः त्या आठवड्यात रजेवर होती. 'बेचाळीस पाने, लोकप्रतिनिधींचे कार्यालय, रुग्णाच्या लेखी संमतीने.' तिने ड्रायव्हरची फाईल मागवली. संमतीचा फॉर्म वरच टाचलेला होता. तिने तो त्याच्यापुढे सरकवला.

ड्रायव्हरने सहीवरून बोट फिरवलं.

"सही माझीच आहे," तो म्हणाला. "नक्कल वगैरे नाही. माझीच. पण हा कागद मी जन्मात कधी पाहिलेला नाही."

२

नियम सरळ होता. शंकासुराने तो स्वतःच भिंतीवर लावून ठेवला होता. नागरिकाने आपल्या प्रतिनिधीकडे गाऱ्हाणं नेलं, तर प्रतिनिधीने हॉस्पिटलला विचारावं आणि हॉस्पिटलने उत्तर द्यावं. पण उत्तर तेवढ्याच गोष्टीचं. गुडघ्याबद्दल विचारलं तर गुडघ्याबद्दल सांगायचं, यकृताचा विषय काढायचा नाही. त्यापलीकडचं एक अक्षरही द्यायचं असेल, तर रुग्णाची वेगळी लेखी संमती हवी.

ड्रायव्हरचं गाऱ्हाणं हर्नियाचं होतं. गेल्या महिन्यात तीन तारखेला त्याला ऑपरेशनसाठी दाखल केलं आणि दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. मग दहाला, मग सतराला. तिन्ही वेळा उपाशीपोटी बोलावलं आणि 'तांत्रिक कारण' सांगून परत धाडलं. तेव्हा त्याने कंटाळून लोकप्रतिनिधींना लिहिलं. ऑपरेशन अजून झालेलं नव्हतंच.

"मला निलंबित केलंय, आणि उद्या अकरा वाजता शाळेची समिती बसतेय," तो म्हणाला. "अध्यक्ष म्हणतात, कागद तुझ्याच परवानगीने बाहेर आला, म्हणजे आम्ही तो बघू शकतो. आणि नोकरीच्या अर्जात तू हे लपवलंस, म्हणजे फसवणूक. नोकरी गेली म्हणूनच समजा."

"आणि संमती खोटी निघाली तर?"

"तर तो कागद त्यांच्यापुढे नाहीच, असं त्यांचेच वकील म्हणाले."

म्हणजे उद्या अकरापर्यंत वेळ होता. शंकासुराने फॉर्म उजेडात धरला. मजकूर सुट्या सुट्या अक्षरात, ओळख लागू नये अशा बेताने भरलेला. 'सर्व आरोग्य-नोंदी, मानसोपचार विभागासह.' तारीख तेवीस. आणि तारखेच्या पुढे, फॉर्मवर तशी जागा नसतानाही, १४:१०.

"तेवीसला दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तुम्ही कुठे होतात?"

"शाळेच्या फाटकात. पावणेदोन ते अडीच मुलं बसमध्ये चढवतो. हजेरीवहीत माझी सही असते रोज."

ते बरं झालं, पण पुरेसं नव्हतं. वेळ चुकून पडली असेल, असं म्हणायला कुणाची जीभ झिजत नाही. तिला खटकत होता तो 'मानसोपचार' हा शब्द. मानसोपचाराच्या फायली वेगळ्या कुलपात, नुसत्या क्रमांकावर ठेवलेल्या असतात. साध्या फाईलमध्ये त्यांचा उल्लेखही येत नाही. मग हे लिहिणाऱ्याला कळलं कुठून, की या माणसाची तिथे फाईल आहे?

"कुणाला माहीत होतं हे?"

"कुणालाच नाही. बहिणीला तेवढं. मुलगी चार वर्षांची होती, तिला आत्याकडे ठेवलं आणि सांगितलं, बाबांना कावीळ झालीय." तो थांबला. "इथे दाखल झालो तेव्हा फॉर्मवाल्याने सातेक सह्या घेतल्या, पण बोलला एक अक्षर नाही. ते सुईवाले डॉक्टर तेवढे माणसासारखे बोलले. दात हलतो का, घोरता का, काय काय औषधं घेतलीत आजवर, सगळं खुर्ची ओढून विचारलं. बाकी कुणी नाही."

"आणि हा काचेवरचा कागद आधी कुणी वाचला?"

"मुलगी माझ्याबरोबरच निघते सकाळी. मी टायर बघत होतो, ती आधी चढली." ड्रायव्हरने खाली बघून पोटावरचा हात घट्ट केला. "शाळेपर्यंत गप्प होती. उतरताना एकच विचारलं. तेव्हा मी घरात होते का, बाबा?"

ती होती. शेजारच्या खोलीत झोपलेली होती. शंकासुराने ते विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही, पण पान एकतीसवर तेही लिहिलेलं होतं.

३

जनसंपर्क अधिकाऱ्यांना हॉस्पिटलात 'साखर' म्हणत. मेलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनाही ते 'पुन्हा या' म्हणून निरोप देतात, असा एक विनोद होता. विनोदच होता की नाही, याची शंकासुराला खात्री नव्हती.

"मॅडम, प्रतिनिधीसाहेबांचं पत्र म्हणजे घरचं कार्य," साखर म्हणाले. "आपण त्यांना नाराज करून चालेल का? पुढच्या इमारतीची मंजुरी त्यांच्याच हातात आहे."

"पत्रात काय विचारलं होतं?"

त्यांनी पत्र काढून दिलं. दोन ओळींचं होतं. शस्त्रक्रिया तीन वेळा का पुढे गेली, आणि त्या तीन दिवशी संबंधित डॉक्टर कुठे होते?

"याचं उत्तर कोणत्या पानावर दिलंत?"

साखरेच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच विरलं. "म्हणजे, सगळंच दिलं ना. बेचाळीस पानं. त्यात असेलच कुठेतरी."

"तुम्ही वाचली होती ती पानं?"

"छे हो! रुग्णाची खासगी माहिती मी कशी वाचणार? तत्त्वाचा प्रश्न आहे."

या माणसाने न वाचता एका माणसाचं आयुष्य पाकिटात घालून पाठवून दिलं होतं, आणि न वाचण्याबद्दल त्याची छाती फुगली होती.

"संमतीचा फॉर्म कुणी आणून दिला?"

"फाईल मागवली, शिपायाने आणून ठेवली. वरच टाचलेला होता. इतका स्पष्ट फॉर्म, मॅडम, मानसोपचाराचंसुद्धा लिहिलेलं. मी म्हटलं, वा, रुग्ण किती मोकळ्या मनाचा आहे! तो दाखवून ती फाईलही काढून घेतली."

"एवढंच दोन ओळींत लिहून द्या," ती म्हणाली. "खाली सही आणि आजची तारीख."

साखरेने हिरव्या शाईत लफ्फेदार लिहून दिलं. दाराशी आल्यावर ते मागून म्हणाले, "फार खोलात जाऊ नका. त्या ऑफिसातून कालच फोन आला होता, आमचं समाधान झालं म्हणून."

शंकासुर थबकली. उत्तर न मिळताच समाधान झालं होतं, ते कशाने?

४

लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात एक लांबलचक बाक होता आणि त्यावर दहाबारा माणसं कागद मांडीवर घेऊन बसली होती. कुणाला दाखला हवा होता, कुणाला नळ. आपापलं दुखणं इथे आणून ठेवलं की मोठ्या माणसाच्या शब्दाने ते सुटेल, एवढ्या आशेवर ती बसली होती. शंकासुराला त्यांच्याकडे बघवेना.

साहेब दौऱ्यावर होते. स्वीय सहायक होता. त्याचे केस, बूट आणि बोलणं सगळंच चकचकीत होतं.

"तुम्हीच हद्द केलीत, मॅडम," तो हसत म्हणाला. "साहेबांनी विचारलं दोन ओळींचं, तुम्ही पाठवलं पोतंभर."

"ती पानं आता कुठे आहेत?"

त्याने कपाटाकडे हात केला. गठ्ठा तिथे उघडाच पडला होता. वर चहाच्या कपाचा गोल डाग. शंकासुराने उभ्या उभ्या पानं मोजली. एक्केचाळीस.

"एकतीस नंबरचं?"

"शाळेचे अध्यक्ष इथे दर गुरुवारी येतात. आपलेच आहेत. मी त्यांना फक्त दाखवलं. मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, मॅडम. पुढे त्यांनी झेरॉक्स काढली, कुणाला दिली, कुणी काचेवर लावली, ते माझ्यापर्यंत येत नाही."

'फक्त दाखवलं.' साखरेने फक्त पाठवलं. प्रत्येकाने आपापलं बोट तेवढं लावलं होतं आणि हात सगळ्यांचे स्वच्छ होते. शंकासुराला वाटलं, आत्ता इथल्या इथे या चकचकीत टेबलावर ओकावं.

"संमतीचा फॉर्म तुम्ही पाठवला होता त्याच्याकडे?"

"आम्ही कशाला? त्याचा अर्ज ऑनलाइन आला. माणूस कसा दिसतो तेही आम्हाला माहीत नाही. फॉर्मची प्रत तुमच्याकडूनच गठ्ठ्याबरोबर आली." ते खरं वाटत होतं. फॉर्म हॉस्पिटलचा होता आणि फाईल हॉस्पिटलाबाहेर गेली नव्हती.

"आणि त्याच्या तक्रारीचं काय झालं?"

"बंद केली." स्वीय सहायकाने खांदे उडवले. "आता तुम्हीच सांगा, अशा माणसाच्या शब्दावर साहेबांनी एखाद्या डॉक्टरला जाब विचारायचा? उद्या तो म्हणेल, मला भुतं दिसतात."

त्यानेही दोन ओळी लिहून तारखेचा शिक्का मारून दिला. शंकासुर पायऱ्या उतरली ती तडक हॉस्पिटलकडे वळली. ज्याने फॉर्म भरला, त्याला ड्रायव्हरचं वाईट करायचंच होतं असं नाही. त्याला त्या दोन ओळींचं उत्तर टाळायचं होतं.

५

दाखल होण्याच्या काउंटरवरच्या कारकुनाला 'एक्सप्रेस' म्हणत. त्याच्या खिडकीवरची रांग बघता बघता ओसरायची. मागच्या भिंतीवर सर्वांत जलद काउंटरचं प्रशस्तिपत्र लावलेलं होतं.

"तू सह्या कशा घेतोस, ते करून दाखव," शंकासुर म्हणाली. "मी रुग्ण."

एक्सप्रेस खुशीत आला. त्याने फॉर्म एकावर एक ठेवले, पण प्रत्येक कागद खालच्यापेक्षा बोटभर वर सरकवून, जिन्याच्या पायऱ्या असतात तसे. वरचा कागद पूर्ण दिसत होता. बाकीच्यांची फक्त तळाची सहीची पट्टी तेवढी बाहेर. प्रत्येक पट्टीवर पेन्सिलची फुली.

"करा सह्या. वरून खाली. बारा सेकंदांत मोकळे!"

तिने सह्या केल्या. एक, दोन, तीन. आठ झाल्या.

"सात फॉर्म असतात ना?"

एक्सप्रेसचा वेग पहिल्यांदाच कमी झाला. "आठवा कोरा असतो, मॅडम. संमतीचा. पुढे कशाला लागला तर पेशंटला परत बोलवायला नको. सगळ्यांचाच घेतो. फाईलमध्ये मागे लावून ठेवतो."

"त्यांना सांगतोस?"

"सांगत बसलो तर रांग दारापर्यंत जाईल."

शंकासुराने आपली आठवी सही उचलली आणि खिडकीच्या उजेडात कागद तिरका धरला. शाईच्या सहीच्या बोटभर वर एक दुसरी सही होती. शाई नसलेली, नुसता दाब. सातव्या कागदावर केलेली सही खालच्या कागदावर उमटली होती. मग तिने पिशवीतून ड्रायव्हरचा फॉर्म काढला आणि तसाच धरला.

तिथेही होती. बोटभर वर, तीच सही, बिनशाईची.

म्हणजे हा कागद तेवीस तारखेला एकट्याने सही केलेला नव्हताच. तो तीन तारखेला, जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर कोरा सही केला होता. लोकप्रतिनिधींना अर्ज करायचं तेव्हा ड्रायव्हरच्या स्वप्नातही नव्हतं.

"मी काही भरलेलं नाही, मॅडम," एक्सप्रेस घाबरून म्हणाला. "मला दोन लेकरं आहेत."

"त्यालाही एक आहे," ती म्हणाली. "तीन तारखेनंतर त्याची फाईल कुठे गेली?"

"ऑपरेशन झालं नाही ना त्याचं? मग भूल विभागात. भुलीची तपासणी झाली की ऑपरेशन होईपर्यंत फाईल त्यांच्याच कपाटात राहते. साखरसाहेबांनी मागवली तीही तिथूनच."

त्याने दोनदा खाडाखोड करत लिहून दिलं, सही केली, तारीख घातली. शंकासुर उठली तेव्हा तिची नजर भिंतीवरच्या प्रशस्तिपत्राकडे गेली. खाली तीन सह्या होत्या. मधली तिची होती. समारंभाच्या गडबडीत कुणीतरी पुढे केलं होतं आणि तिने वर काय लिहिलंय ते न बघता सही ठोकली होती. आतापर्यंत तिला इतरांची किळस येत होती. आता तोंडाची ती कडू चव तिची स्वतःची होती.

६

भूलतज्ज्ञांना सगळे 'अंगाई डॉक्टर' म्हणत. इतक्या हळुवार आवाजात आकडे मोजायला लावत की रुग्ण सातापर्यंत पोचत नसे. केस पांढरे, हात मऊ, नजर मायेची. हॉस्पिटलात त्यांच्याबद्दल वाईट बोलणारं कुणी सापडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता शंकासुर त्यांच्यापुढे बसली. येताना ती शस्त्रक्रियागृहाची नोंदवही बघून आली होती.

"बिचारा तो ड्रायव्हर," अंगाई डॉक्टर म्हणाले. "ऐकून फार वाईट वाटलं. माझी काही मदत?"

"फाईल तुमच्या कपाटातून गेली, एवढं लिहून द्या. सही आणि तारीख."

त्यांनी लिहून दिलं. शंकासुराने ते वाचलं, आणि पिशवीतून बाकीचे तीन कागद काढून शेजारी मांडले. साखरेचा हिरव्या शाईतला. स्वीय सहायकाचा शिक्क्याचा. एक्सप्रेसचा खाडाखोडीचा. तिघांनीही नुसती तारीख घातली होती. अंगाई डॉक्टरांच्या कागदावर तारखेपुढे लिहिलं होतं, ०९:०५.

"वेळ मी मागितली नव्हती," ती म्हणाली.

"सवय आहे हो. भुलीच्या तक्त्यावर दर पाच मिनिटांची नोंद असते. तीस वर्षं वेळ घातल्याशिवाय तारीख लिहिलेली नाही."

शंकासुराने संमतीचा फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. १४:१०.

बाहेरून स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज आला आणि गेला.

"नर्सही वेळ लिहितात," अंगाई डॉक्टर हळूच म्हणाले.

"लिहितात. पण त्याच्या जुन्या आजाराचं त्याने या इमारतीत एकाच माणसाला सांगितलं. कारण त्या माणसाने खुर्ची ओढून विचारलं, आजवर काय काय औषधं घेतलीत? भुलीच्या वेळी ते खरं सांगावं लागतं, म्हणून त्याने सांगितलं. तुम्ही ते तुमच्या तक्त्यावर लिहिलंत. ऑपरेशन झालेलं नाही, त्यामुळे तो तक्ता अजून तुमच्याच खणात कुलपात आहे. साखरेने पाहिलेला नाही, कारकुनाने पाहिलेला नाही. मागची कोरी सही तुमच्या कपाटात होती." तिने श्वास घेतला. "आणि तीन, दहा, सतरा. तिन्ही दिवशी शस्त्रक्रियागृहाच्या वहीत सर्जन हजर आहेत, टेबल रिकामं आहे. भूलतज्ज्ञांच्या रकान्यात 'दुपारनंतर उपलब्ध नाहीत'. कुठे होतात?"

"बाहेर," ते म्हणाले. "दुसऱ्या दवाखान्यात. सगळेच जातात."

"साहेबांचं पत्र आल्याचं साखरेने सांगितलं असेल."

"चहाला. हसत हसत." अंगाई डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा आवाज अजूनही तसाच मऊ होता. "मला एक सांगा. त्या बेचाळीस पानांत खोटं काय आहे? एक अक्षर दाखवा. मुलांची बस चालवतो तो. लोकांना कळायला नको?"

शंकासुराला शिसारी आली. अंगावर झुरळ चढावं तशी. हा माणूस खोटं बोलत असता तर तिला सोपं गेलं असतं.

"तीन तारखेच्या सकाळच्या तक्त्यावर तुम्हीच लिहिलंत आणि त्याला वाचूनही दाखवलंत, त्याने सांगितलं मला," ती म्हणाली. "औषधं आठ वर्षांपासून बंद. मन स्थिर. भुलीस योग्य. तेव्हा तुम्हाला मुलांची बस आठवली नाही. तुमचं नाव निघेल असं पत्र आलं तेव्हा आठवली. आणि काळजीच होती तर लायसन्स देणाऱ्यांना लिहायचं होतंत, तुमच्या सहीने. त्याच्या सहीने नाही."

अंगाई डॉक्टरांनी चष्मा परत चढवला. खण उघडून तक्ता काढला आणि तिच्या हातात दिला. "नऊ चाळीस झाले," ते म्हणाले. "मला थिएटरला जायचंय."

७

शाळेच्या समितीने शंकासुराचं म्हणणं पंचवीस मिनिटं ऐकलं. कागद तिरका धरून बिनशाईची सही प्रत्येकाला दाखवली. हजेरीवही दाखवली. अध्यक्षांनी घसा खाकरला आणि म्हणाले, आम्ही नियमाने चालणारी माणसं आहोत. पान एकतीसच्या होत्या तेवढ्या प्रती पाकिटात घालून परत केल्या. ड्रायव्हरचं निलंबन तिथल्या तिथे मागे घेतलं गेलं. कुणीतरी त्याच्या पाठीवर थापही मारली.

हॉस्पिटलात चौकशी समिती नेमली गेली. अंगाई डॉक्टर रजेवर गेले. मोठे डॉक्टर म्हणाले, एवढ्या चांगल्या माणसावर काय ही वेळ आली! एक्सप्रेसच्या खिडकीपुढची रांग आता दारापर्यंत जायला लागली आणि लोक शंकासुराच्या नावाने बोटं मोडायला लागले. तिने प्रशस्तिपत्र स्वतः खिळ्यावरून काढलं.

सोमवारी दुपारी ड्रायव्हर तळघरात आला. पोट धरून खुर्चीत बसला. ऑपरेशनची नवी तारीख मिळाली का, असं तिने विचारलं, तर तो नुसता हसला आणि खिशातून शाळेचं एक पत्रक काढून तिच्यापुढे ठेवलं.

'पालकांच्या भावना लक्षात घेऊन' शाळेने फॉर्म वाटले होते. आपल्या पाल्याने तीन नंबरच्या बसने, सध्याच्या ड्रायव्हरबरोबर प्रवास करावा यास आपली संमती आहे का? आहे, नाही. लागू असेल तिथे खूण करा.

"छत्तीस मुलं माझ्या बसला," तो म्हणाला. "तेहतिसांचं 'नाही' आलं. दोघांचं अजून काहीच नाही. उद्यापासून मला बाग बघायला सांगितलंय. पगार तोच आहे म्हणे."

"सह्या तपासते," शंकासुर म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही तिला.

"कशाला, ताई? खऱ्या आहेत. माझ्यासमोर फाटकात उभं राहून, वाचून केल्यात लोकांनी. कुणी घाई केली नाही त्यांना."

शेजारच्या धुलाई विभागात यंत्र घरघरत होतं. तिला मान वर करून त्याच्याकडे बघवेना. तिने सगळं शोधून काढलं होतं, कोण, केव्हा, कशासाठी. आणि या माणसाला द्यायला तिच्याजवळ एक पाकीट होतं, ज्यात त्याचंच एकतिसावं पान सातदा होतं.

"तेहतीस आणि दोन," ती थोड्या वेळाने म्हणाली. "पस्तीस झाले. छत्तिसावा?"

ड्रायव्हरने दुसऱ्या खिशातून घडी घातलेला फॉर्म काढला. "हा माझ्या मुलीचा. पालक म्हणून सही मीच करायची आहे." सहीची जागा कोरी होती. "काल संध्याकाळी तिला समोर बसवलं. पूर्ण वाचायला दिला. म्हटलं, मी करतो सही, पण आधी तू सांग, करू का?"

"मग?"

"बराच वेळ वाचत होती. मग म्हणाली, नका करू, बाबा. मी चालत जाईन."

त्याने फॉर्मची घडी होती तशी पुन्हा घातली आणि खिशात ठेवून दिली.

"म्हणून नाही केली."